राक्षसाच्या घरची मुले

राक्षस, ठग, दरोडेखोर, चेटकीण किंवा गावाला नाडणारा सावकार यांच्या घरात वाढणाऱ्या मुलांच्या विनोदी गोष्टी हा कथेचा एक जुना आणि चिवट प्रकार आहे. अशा गोष्टीत बापाचा धंदा वाईट असल्याचे ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते. मुलाला मात्र ते घरचे रोजचे काम वाटते. शेतकऱ्याच्या मुलाने औत पाहावे तसा ठगाचा मुलगा बापाच्या कमरेचा रुमाल पाहत मोठा होतो. बाप रात्रभर वाटसरू लुटून पहाटे परततो, पाय धुतो आणि पोराने पाढे म्हटले की नाही याची चौकशी करतो. हसू फुटते ते या चौकशीपाशी.

या प्रकारातला विनोद घराच्या घडीतून येतो. खलनायकाचे घर इतर कोणत्याही घरासारखेच चालते. आई जेवायला हाका मारते, थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात, पाहुण्यांपुढे मुलांना शिकवलेले म्हणून दाखवावे लागते. बदललेली असते ती एकच गोष्ट: त्या घरात चांगले कशाला म्हणायचे. मुलगा खोटे बोलत नाही म्हणून आईला घोर लागतो. त्याने शेजाऱ्याचे चुकलेले वासरू परत नेऊन दिले की बाप कपाळाला हात लावतो. बाकी सगळी शिस्त जागच्या जागी असल्यामुळे ही एकच उलटी गोष्ट ठळक होते. ज्या गोष्टींत सरसकट सगळेच उलटे करून टाकलेले असते, त्या चार पानांत कंटाळवाण्या होतात.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा या प्रकाराच्या ओळखीसाठी सोयीचा आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. एका बाजूला मध्य प्रदेशाचा बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडचा राजनांदगाव. उत्तरेकडच्या तालुक्यांत पोवारी कानावर पडते, दक्षिणेकडे झाडीबोली, डोंगराळ भागात गोंडी, बाजारात हिंदी. पुराणातले राक्षस, लोककथेतले राक्षस आणि नाटकातले मालगुजार असे तिन्ही प्रकारचे खलनायक या एका जिल्ह्यात गावोगाव ओळखीचे आहेत आणि तिघांनाही मुलेबाळे आहेत.

पुराणाकडून सुरुवात केली तर पहिले घर हिडिंबाचे. महाभारताच्या आदिपर्वात रानात झोपलेल्या पांडवांचा वास हिडिंबाला येतो आणि तो बहिणीला त्यांना मारून आणायला पाठवतो. जेवणाची व्यवस्था करायला गेलेली बहीण जेवणाच्याच प्रेमात पडते आणि सजूनधजून तिथेच बोलत उभी राहते. इकडे भाऊ उपाशी. पुढे हिडिंब मारला जातो, भीम-हिडिंबेचे लग्न होते, घटोत्कच जन्मतो. त्याला बालपण असे मिळतच नाही. महाभारताच्या सांगण्याप्रमाणे तो जन्मताच तरुण होतो, आईबापांच्या पाया पडतो आणि काम पडले की आठवण काढा, मी हजर होईन, असे सांगून निघून जातो. राक्षसाच्या पोटचे पोर आणि वागणे मात्र सुसंस्कृत घरातल्यासारखे. घटोत्कचावर नंतर जे जे विनोदी लेखन झाले, त्याचे बीज या एका प्रसंगात आहे.

ते बीज फुलवले भासाच्या नावावर असलेल्या 'मध्यमव्यायोग' या एकांकी संस्कृत नाटकाने. टी. गणपतिशास्त्री यांना केरळात सापडलेली आणि १९१२ पासून त्रिवेंद्रमहून छापली गेलेली ही तेरा नाटके भासाचीच का, यावर विद्वानांचा वाद आहे. पण हे एक नाटक ज्याने लिहिले त्याला घर आणि विनोद दोन्ही कळत होते, एवढे निश्चित. हिडिंबेचा उपवास आहे. पारण्याला माणूस हवा, म्हणून ती मुलाला पाठवते. बायको आणि तीन मुलांसह प्रवासाला निघालेला एक ब्राह्मण घटोत्कचाच्या हाती लागतो. आता खरी पंचाईत घटोत्कचाची आहे. ब्राह्मणाला मारू नये, हे त्याला कळते. तसे तो बोलूनही दाखवतो. पण आईची आज्ञा कशी मोडायची? म्हणून तो सवलत देतो: एक मुलगा द्या, बाकीचे सुटा. थोरला बापाचा लाडका, धाकटा आईचा. मधला आपोआप उरतो. त्याला बिचाऱ्याला तहान लागते, तो पाण्यावर जातो आणि उशीर करतो. आईच्या पारण्याची वेळ टळत चाललेली. घटोत्कच कासावीस होऊन त्याला 'मध्यम, मध्यम' अशा हाका मारत सुटतो आणि जवळच असलेला पांडवांतला मधला, म्हणजे भीम, आपल्यालाच कोणी बोलावते आहे असे समजून येऊन उभा राहतो.

पुढची गंमत पूर्णपणे घरगुती आहे. बापाला मुलाची ओळख पटते, मुलाला बापाची नाही. भीम त्या ब्राह्मणपुत्राच्या जागी स्वतः जायला तयार होतो, पण न्यायचे असेल तर बळाने ने, असे म्हणून पोराची ताकद अजमावून बघतो. झाड, डोंगराचे शिखर, मायेचा पाश, सगळे वापरूनही पोराचे काही चालत नाही. शेवटी भीम आपखुशीने मागोमाग जातो. आई बाहेर येऊन बघते तर मुलाने पारण्यासाठी खुद्द तिचा नवराच धरून आणलेला. नाटकात हेही सुचवलेले आहे की हिडिंबेला माणूस हवा होता तो खाण्यासाठी नव्हेच. आज्ञाधारक मुलाने आज्ञा शब्दशः पाळावी आणि त्यातून आईचे गुपित उघडे पडावे, हा विनोदाचा डाव अजून जुना झालेला नाही. दुष्टपणा नाटकभर तोंडी लावण्यापुरता. मुख्य ताट आईच्या धाकाचे.

मराठी रंगभूमीवर राक्षस पहिल्यापासून हजर आहे. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि त्या पठडीच्या पौराणिक नाटकांत राक्षसांच्या आरोळ्यांचा इतका दणका असे की पुढे अशा नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवले गेले. तोंड रंगवलेला, तलवार परजणारा, रंगमंच हादरवणारा तो राक्षस लहान मुलांना रडवी आणि थोरांना हसवी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'संगीत सौभद्रा'त राक्षसाचा आवाज उतरला. तिथे घटोत्कच येतो तो कृष्णाच्या कारस्थानातला एक मदतनीस म्हणून; सुभद्रेला उचलून न्यायचे काम त्याच्याकडे. म्हणजे अपहरण हा राक्षसाचा वंशपरंपरागत धंदा, पण इथे तो नातेवाइकांच्या विनंतीवरून आणि लग्न जुळवण्यासाठी चाललेला. वत्सलाहरणाच्या कथेत हीच कल्पना आणखी पुढे जाते. व्यासांच्या महाभारतात नसलेली ही लोकप्रिय कथा: बलरामाची मुलगी वत्सला अभिमन्यूला हवी, तिचे लग्न ठरते दुर्योधनाच्या मुलाशी, आणि घटोत्कच स्वतः नवरीचे रूप घेऊन बोहल्यावर उभा राहतो. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी या कथेवर मूकपट केला. १९५७ च्या तेलुगू 'मायाबाजार'मध्ये एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच सबंध दक्षिणेत घराघरांत पोचला. राक्षसकुळातला हा मुलगा गडगडाटी हसणारा, खादाड, आईला भिणारा आणि चुलत भावासाठी काहीही करणारा असा एकदाचा ठरून गेला.

प्रल्हाद हे दुसरे टोक. त्याची कथा भक्तीची, आणि कीर्तनात ती गंभीरपणेच सांगितली जाते. तरी भागवताच्या सातव्या स्कंधातले त्याच्या शाळेचे प्रकरण वाचताना हसू आवरत नाही. शंड आणि अमर्क हे शुक्राचार्यांचे दोन मुलगे दैत्यकुमारांचे मास्तर. हिरण्यकशिपू मुलाला मांडीवर घेऊन विचारतो, काय शिकलास ते सांग. मुलगा म्हणतो, घर सोडून वनात जावे आणि हरीला शरण जावे. यावर त्या जगज्जेत्या दैत्याची पहिली प्रतिक्रिया रागाची नाही. तो हसतो. पोरांची डोकी लोक बिघडवतात, असे म्हणून मास्तरांना नीट लक्ष ठेवायला सांगतो. दुसऱ्या खेपेला तेच उत्तर आल्यावर मात्र त्याचे पित्त खवळते आणि मास्तरांची गाळण उडते. हे आम्ही शिकवलेले नाही, दुसऱ्या कोणीही शिकवलेले नाही, अशी ते गयावया करतात. पुढे मास्तर घरकामाला गेले की मधल्या सुट्टीत प्रल्हाद वर्गातल्या साऱ्या दैत्यपोरांना भक्ती शिकवून ठेवतो. ज्या शाळेचा निकाल शंभर टक्के उलटा लागला ती हीच. खांबातून नृसिंह निघाल्यावर कथा विनोदाच्या हातातून सुटते. तिथवरचा भाग मात्र नापास मुलाचा बाप, भेदरलेले मास्तर आणि शांत मुलगा या त्रिकुटाचा आहे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रल्हादाचे नाटक बसवणाऱ्या शिक्षकांना हा भाग नेमका सापडतो.

लोककथेतला राक्षस पुराणातल्यापेक्षा गरीब आणि भोळा. तो रानात एकटा राहतो, संध्याकाळी घरी येतो, दारातच नाक वर करून माणसाचा वास येत असल्याचे जाहीर करतो. घरात त्याची मुलगी असते, कधी पाळलेली, कधी पोटची. तिने राजपुत्राला माशी किंवा लिंबू करून लपवलेले असते. बापाला ती झटकून टाकते: दिवसभर माणसेच खात फिरता, नाकात तोच वास बसला असेल. बाप मुकाट्याने जेवायला बसतो. रात्री पाय चेपताना ती रडू लागते की तुम्हाला काही झाले तर माझे कसे होणार, आणि तो तिची समजूत घालण्यासाठी आपला जीव कुठल्या बेटावरच्या, कुठल्या झाडावरच्या, कुठल्या पोपटात आहे ते तपशीलवार सांगतो. लोककथांच्या अभ्यासकांनी जगभरच्या कथांचे जे वर्गीकरण केले, त्यात राक्षसाचा शरीराबाहेर ठेवलेला जीव आणि नायकाला पळून जायला मदत करणारी राक्षसकन्या यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. आपल्याकडच्या सांगणाऱ्या बायकांनी ते दोन्ही बिनदिक्कत एकत्र शिजवले. १८६८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या मेरी फ्रियरच्या 'ओल्ड डेक्कन डेज' या संग्रहात, अ‍ॅना लिबराटा डिसोझा या आयाने सांगितलेल्या कथांत, असे राक्षस आणि असे दूर ठेवलेले जीव आहेत. मुलीने बापाचा विश्वासघात केला, असे या गोष्टी ऐकताना कोणाच्या मनातही येत नाही. बाप माणसे खातो हा गुन्हा असतोच. पण गोष्टीतली शिक्षा त्याला होते ती बहुतेक लाडापायी.

जंगलाला लागून राहणाऱ्या गावांत खलनायकाची जागा वाघ घेतो. नवेगाव आणि नागझिरा ही जिल्ह्याची दोन जुनी राने २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात आली. वाघाच्या गोष्टी त्याआधी कितीतरी पिढ्यांच्या. त्यातली सगळ्यात विनोदी गोष्ट खलनायकाच्या खोट्या घराची आहे. कोल्हा-कोल्हीण पिल्लांसह वाघाच्या गुहेत बिऱ्हाड करतात. वाघ परत येताना दिसला की कोल्हीण पिल्लांना चिमटे काढते. पिल्ले कोकलतात. कोल्हा आतून मोठ्याने विचारतो, पोरं का रडतात? आणि कोल्हीण उत्तर देते की त्यांना ताजे वाघाचे मांस हवे आहे, कालचे शिळे खात नाहीत. वाघ पळतो. हीच युक्ती 'शुकसप्तती'त माणसांच्या घरात आहे: दोन मुलांना घेऊन रान ओलांडणारी बाई समोर वाघ दिसताच मुलांना चापट्या मारून दटावते की एकेक वाघ पाहिजे म्हणून भांडू नका, सध्या हा एक वाटून खा. त्या बाईला 'व्याघ्रमारी' म्हणतात. निरुपद्रवी आईबापांनी आपण राक्षस असल्याचे नाटक करायचे आणि त्या नाटकात मुलांच्या वाट्याला रडण्याचे काम यायचे. पिल्लांना आपण कशात काम करतो आहोत याचा पत्ता नसतो. चिमटा मात्र खरा असतो.

झाडीपट्टीच्या रंगभूमीवर हे सगळे धागे एकत्र येतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या या धानपट्ट्यात दंडार आणि खडी गंमत हे जुने लोकनाट्यप्रकार आहेत. दंडारीत रामायण-महाभारतातले प्रसंग सोंगे घेऊन उभे केले जातात, बायकांची कामेही पुरुषच करतात, आणि मूळ प्रसंगाच्या मध्ये हवी तेवढी नक्कल घुसते. रावणाच्या दरबारात गावच्या पटवाऱ्याची टिंगल चालते आणि कोणाला ती खटकत नाही. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि तिची लोककला यांचा जो पाठपुरावा केला, त्यामुळे या प्रकारांकडे शहरातल्या अभ्यासकांचे लक्ष गेले.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, धान घरात आलेले असते, पाहुणे जमलेले असतात, आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजे वडसा. तिथून कंपन्या गोंदियातल्या अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनीकडच्या गावांत येतात. कापणी झालेल्या मोकळ्या बांधीत मंडप पडतो, रात्री उशिरा नाटक लागते ते उजाडेपर्यंत. इतकी लांब रात्र भरून काढायची तर नुसते दुःख पुरत नाही. गाणी लागतात, मारामारी लागते, आणि विनोदी नट लागतो. गडचिरोली जिल्ह्यातले असेच एक नट, परशुराम खुणे, यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीत विनोदी कामाला केवढा मान आहे हे त्यावरून बाहेरच्यांना कळले.

या नाटकांतला खलनायक राक्षस नसतो, तो पाटील, सावकार किंवा पुढारी असतो, आणि त्याचा पूर्वज म्हणजे मालगुजार. पूर्व विदर्भ इंग्रजी अमलात मध्य प्रांतात होता. गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मालगुजार हा गावाचा मालक. जिल्ह्यातले कितीतरी तलाव आजही 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून सरकारी दप्तरात नोंदलेले आहेत. म्हणजे त्याच माणसाने पाणी दिले आणि त्याच माणसाने वेठ घेतली. १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क संपले. पद गेले, वाडा राहिला, आणि वाड्यातला माणूस नाटकात गेला. मिशा, काठी, दिवाणजी आणि एक मुलगा. हा मुलगा बहुधा दोनपैकी एका साच्यातला असतो. एक, शिकून आलेला, घराण्याच्या अंगातला माज नसलेला आणि बापाचीच जमीन कसणाऱ्या कुळाच्या पोरीवर जीव जडलेला. तो नायक होतो आणि विनोद त्याच्यापासून दूर जातो. दुसरा साचा जास्त मजेदार: बापासारखा दुष्ट होण्याची हौस अंगात आणि बुद्धी मात्र बेताची. तो दरडावायला जातो आणि वाक्य विसरतो, कर्जाचा कागद फाडायचा नाही तोच फाडतो, मुलीला पळवायला जाऊन तिच्या म्हातारीला उचलून आणतो. बापाची क्रूर योजना पोराच्या हातात पडली की फसलीच, हे प्रेक्षकाला आधी कळते. ज्या माणसापुढे आजोबा वाकले त्याला त्याच्याच पोट्ट्याने हैराण केलेले पाहण्यात जे समाधान आहे, ते कुठल्याही न्यायालयीन निकालात नाही. खाण तशी माती, ही म्हण इथे उलटी पडते आणि सारा मंडप खूश होतो.

मात्र खलनायक कोण, हे सांगणाऱ्यावर ठरते, आणि या जिल्ह्यात ते विसरून चालत नाही. गोंड समाजात अनेक ठिकाणी रावणाला पूर्वज मानतात आणि त्याच्या दहनाला विरोध करतात. सातपुड्यात बैतूल-छिंदवाड्याकडे मेघनादाची पूजा होते. प्रल्हादाचा नातू बळी हा पुराणात गर्व उतरवून घेणारा दैत्य. शेतकऱ्याच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला मागणे असते ते त्याचेच राज्य परत येण्याचे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त हिरण्यकशिपूपासून बळीपर्यंतच्या सगळ्या घराण्याची कथा उलट बाजूने लिहून काढली. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला लाखो गोंड भाविक जमतात. तिथल्या कथेत कली कंकाली या देवीची उनाड ठरवलेली मुले गुहेत कोंडली जातात आणि पुढे त्यांच्यापासूनच धर्माची घडी बसते. ही श्रद्धेची कथा आहे, तिला विनोदात ओढण्याचे कारण नाही. पण एका घरची उपद्रवी मुले दुसऱ्या घरचे देव असतात, एवढे ती स्वच्छ सांगते. राक्षसकुळाची थट्टा करणारा लेखक आपल्या श्रोत्यांत त्या कुळाचे कोणी बसलेले नाही असे धरून चालतो. गोंदियात ते धरून चालता येत नाही. दंडारीतला चांगला सोंगाड्या म्हणून रावणाच्या मोठेपणाला हात लावत नाही, त्याच्या स्वयंपाकघराची थट्टा करतो.

दुसरी मर्यादा इतिहासाने घातलेली आहे. १८३० च्या दशकात ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपूरला माफीच्या साक्षीदार ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा काढली. मुलांना बापाच्या धंद्यापासून तोडायचे, हा हेतू. फिलिप मेडोज टेलरच्या १८३९ च्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीतला अमीर अली हा ठगाने पाळलेला मुलगा, आणि ज्याने पाळले त्याच्याच टोळीने त्याच्या आईबापांना मारलेले असते. इथवर निदान व्यक्ती आणि तिचा गुन्हा यांचा संबंध आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोही तोडला. आता अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या; पाळण्यातले पोर खलनायकाच्या घरचे झाले. हा कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त, ज्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, असेच एक मूल शाळेत जाते तेव्हा काय होते ते आहे. त्यात हसू येण्याजोग्या जागा आहेत, पण त्या आतल्या माणसाच्या. बाहेरच्याने 'चोराच्या वस्तीतली पोरे' म्हणून लिहिलेली विनोदी गोष्ट त्या कायद्याचेच काम पुढे चालवते. म्हणून या प्रकारातल्या टिकाऊ गोष्टी खलनायक निवडताना वर पाहतात: राजा, राक्षस, मालगुजार, सावकार. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या घरात शिरून हसणे सोपे नसते, म्हणूनच त्यात गंमत असते.

छापील बालसाहित्यात हा प्रकार विखुरलेला सापडतो. 'चांदोबा' मासिकाने राक्षस आणि वेताळ खेड्यापाड्यांत पोचवले. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' काढले आणि रत्नाकर मतकरींनी बालरंगभूमीला चेटकिणी आणि राक्षस पुरवले. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी रंगवली की मुले भिण्याऐवजी तिची वाट पाहू लागली. त्याच प्रभावळकरांनी महेश कोठाऱ्यांच्या २००४ च्या 'पछाडलेला' या चित्रपटात इनामदार भुस्नळे हा दुष्ट बाप केला. बाप मेल्यावरही वाड्यावरचा हक्क सोडत नाही. भूत झालेला मुलगा मेल्यावरही लग्नाचा हट्ट सोडत नाही. बापाला दहशत बसवायची असते आणि मुलगा मध्येच लग्नाचे काढतो. झाडीपट्टीतला तो बेताच्या बुद्धीचा मालगुजारपुत्र इथे थेट ओळखू येतो.

बाहेरच्या जगात हा प्रकार गेल्या शंभर वर्षांत फार फोफावला. चार्ल्स अ‍ॅडम्सने १९३८ पासून 'न्यू यॉर्कर'मध्ये काढलेल्या व्यंगचित्रांतले भयानक कुटुंब एकमेकांवर मनापासून प्रेम करते. अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेनच्या १९८१ च्या कादंबरीतली दरोडेखोराची मुलगी रोन्या, दरोडेखोर नेमके करतात काय हे कळल्यावर हादरते. रोआल्ड डालच्या 'मटिल्डा'चा (१९८८) बाप जुन्या मोटारी विकताना गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा भरतो, आणि मुलगी त्याच्या टोपीला चिकटद्रव लावते. २०१५ चा 'डिसेंडन्ट्स' हा चित्रपट तर परीकथांतल्या निवडक खलनायकांची मुले एका शाळेत आणून बसवतो. या यादीत मटिल्डा सर्वांत खरी वाटते, कारण तिच्या बापाचा दुष्टपणा बाजारातला आहे. असा बाप कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतो.

अशा गोष्टींचा शेवट करणे अवघड असते. मूल सुधारलेले दाखवले तर आधीचे हसणे वाया जाते, कारण ते सुधारण्याजोगे कधी नव्हतेच. बाप सुधारला तर खलनायक गेला आणि गोष्टही गेली. मुलाने घर सोडले तर ती दुसरी, गंभीर गोष्ट सुरू होते. घटोत्कचाचे पुढचे आयुष्य याचा दाखला आहे. द्रोणपर्वात, युद्धाच्या चौदाव्या दिवसानंतरच्या रात्री, कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर पडते, आणि पांडव रडत असताना कृष्ण आनंदाने नाचतो. 'मध्यमव्यायोग' लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते, वत्सलाहरण रंगवणाऱ्यांनाही. दोघांनी आपापली गोष्ट लग्नाच्या किंवा जेवणाच्या जागी थांबवली. राक्षसकन्येच्या कथेतही पोपटाची मान मुरगळली की लगेच वरात निघते, बापाचे सुतक कोणी पाळत नाही. झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांनी आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. शेवटच्या प्रवेशात मालगुजार एकतर पोलिसांच्या ताब्यात जातो किंवा हात जोडून माफी मागतो, शहाण्या पोराचे लग्न लागते, आणि बेताच्या बुद्धीचा पोरगा बापाची काठी उचलून एकदा दरडावून बघतो. वाक्य तो तेव्हाही विसरतो.